खर्जाची आस १६ बिटांत कुठे अडत होती

पहिला रविवार

दिवाळीत आत्याच्या मिरजेच्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग केलं होतं, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची ९६ हजार मोजमापं (सॅम्पल), प्रत्येक २४ बिटांच्या आकड्यात. शेवटी ती खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार, छेडून हात काढून घेते आणि आस, म्हणजे मागे उरणारा नाद, कितीतरी वेळ विरत राहते. रेकॉर्डरलाच हेडफोन लावून ऐकलं तेव्हा ती आस शेवटपर्यंत गुळगुळीत होती. पण घरी, रात्री आवाज बारीक ठेवून जुन्या लॅपटॉपवरून ऐकली, तर हेडफोनमध्ये शेवटी शेवटी तिला खरखर लागते आणि मग ती तुटते. लॅपटॉपवर डेबियन लिनक्स आहे, गाणी एमपीडी नावाचा प्रोग्रॅम वाजवतो, पुढे यूएसबी डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारं बाहेरचं साउंड कार्ड. डॅक २४ बिट घेतो. मग अडतंय कुठे?

डॅकला नेमकं काय दिलं जातंय हे लिनक्स स्वतःच सांगतो. प्रॉक नावाच्या फोल्डरमध्ये एसाउंड, त्यात त्या कार्डाचा फोल्डर, आणि आत एचडब्ल्यू_पॅराम्स नावाची फाइल. गाणं चालू असतानाच उघडायची, एरवी तिथे नुसतं 'क्लोज्ड' असतं. माझ्याकडे निघालं: एस१६_एलई, ४८०००, म्हणजे १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ.

फाइल २४/९६ आणि डॅकच्या दारात १६/४८. वहीत सगळी साखळी मांडली. एमपीडीच्या कॉन्फिगमध्ये ४४१००:१६:२ (दर, बिट, चॅनल) ही नमुन्याची ओळ असते, पुढे हॅश लावून निष्क्रिय केलेली. ती हॅशची खूण मीच कधीतरी काढली होती, 'सीडीचा दर्जा तर आहे' म्हणून. पुढे अल्साचा, म्हणजे लिनक्सच्या आवाजाच्या यंत्रणेचा, प्लग हा भाग, जो दर ४८ वर नेतो. मग आवाज कमी-जास्त करायला सॉफ्टव्हॉल, आणि शेवटी अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करणारा डीमिक्स. म्हणजे ९६ ची फाइल आधी ४४.१ वर उतरते, मग ४८ वर चढते, मग तिचा आवाज कमी होतो. आणि प्रत्येक मुक्कामाला उत्तर पुन्हा १६ बिटांत बसवलं जातं, तीन वेळा.

सोमवार, रात्री

यातला सगळ्यात वाईट टप्पा कोणता? मला वाटलं होतं दर बदलण्याचा. हिशेब मांडल्यावर दिसलं, आवाज कमी करण्याचा.

आस विरत आली की सॅम्पलचे आकडे लहान होतात. समजा लागोपाठचे चार आकडे ३३, ३५, ३७, ३९ आहेत. आवाज २४ डेसिबलने खाली आणला म्हणजे साधारण १६ ने भागलं. १६ बिटांत पूर्णांकच ठेवता येतो, म्हणून चारही सॅम्पल २ होतात. लाट होती तिथे सपाट पायरी आली. डिथर, म्हणजे मुद्दाम मिसळलेला बारीक गोंगाट, नसेल तर ही चूक स्वराला चिकटून येते, म्हणून कानाला ती गोंगाट न वाटता खरखर वाटते.

तेच आकडे २४ बिटांत नेले की आधी २५६ ने गुणले जातात, आणि मग १६ ने भागले की ५२८, ५६०, ५९२, ६२४ येतात. पूर्ण लाट, एक कणही न हरवता. जास्तीच्या आठ बिटांची किंमत ४८ डेसिबल. १६ बिटांची फाइल तेवढी खाली नेईपर्यंत २४ बिटांच्या वाटेत तिला जागा पुरते.

इथे माझा एक जुना गैरसमज गेला. रुंदी वाढवणारं रूपांतर वाईट नसतं, ते नुसती शून्यं जोडतं. नुकसान होतं ते अरुंद करताना, आणि त्यातही मध्येच अरुंद केल्यावर.

दुसरा शनिवार

साफसफाई. ती ओळ पुन्हा हॅशच्या मागे गेली. एमपीडीचं आउटपुट डीमिक्स सोडून थेट एचडब्ल्यूवर, म्हणजे सरळ कार्डावर. ऑटो_रिसॅम्पल, ऑटो_फॉरमॅट आणि ऑटो_चॅनल्स तिन्ही 'नो', म्हणजे अल्साने आपणहून काही बदलायचं नाही. मिक्सर 'नन'. मंडळी, मिक्सर काढण्याआधी अँप्लिफायरचा नॉब तळाला न्या. मी विसरलो, आणि पहिली तान अख्ख्या घराने ऐकली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चालू केला तर आवाजच नाही. कार्डाचा क्रमांक बदलला होता. थेट एचडब्ल्यू वापरायचं तर क्रमांकाऐवजी कार्डाचं नाव लिहावं. शिवाय आता एमपीडी वाजत असताना ब्राउझरला तो डॅक मिळत नाही. मला चालतं.

रविवार

नुसत्या फाइलमधल्या ओळीवर विश्वास ठेवायचा नव्हता. एसएनडी-अलूप हे लिनक्सचं मॉड्यूल चढवलं. ते खोटं साउंड कार्ड बनवतं: एका तोंडाने वाजवा, दुसऱ्या तोंडाने टिपून घ्या. एका सीडीवरून उतरवलेली फ्लॅक (काही न गमावता दाबलेली) फाइल वाजवली, एरेकॉर्ड या रेकॉर्डिंगच्या कमांडने त्याच फॉरमॅटमध्ये टिपली, सुरुवातीची शांतता कापली आणि मूळ फाइल उलगडून बाइटला बाइट लावून पाहिली. एकही फरक नाही. तेच जुन्या साखळीतून केलं तर पहिल्या ओळीपासून सगळं वेगळं.

मग आउटपुट मुद्दाम ३२ बिट ठेवून टिपलं. १६ बिटांत ३७ हा आकडा सोळाच्या पद्धतीत '२५ ००' असा दिसतो, खालचा बाइट आधी. ३२ बिटांत तोच '०० ०० २५ ००'. पुढे दोन शून्य बाइट आले, आकडा जसाच्या तसा. हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा फार बरं वाटलं.

टेबलावरच्या दुसऱ्या संगणकात आवाज हाताळायला पाइपवायर आहे. तो आतलं सगळं ३२ बिट फ्लोटमध्ये (दशांशाच्या आकड्यांत) करतो म्हणून काही जण नाराज असतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण त्या फ्लोटमध्ये २४ बिटांचा पूर्णांक अचूक मावतो. तिथे बघायचं ते दराकडे: मुळात तो ४८००० धरतो, म्हणून परवानगीच्या दरांमध्ये ४४१०० आणि ९६००० घातले. आणि एमपीथ्रीला स्वतःची बिट डेप्थच नसते, डीकोडर आकडे नव्याने काढतो. ते १६ त कशाला कोंबायचे? सरळ २४ नाहीतर ३२ द्या.

तिसरा रविवार

बिट जसेच्या तसे पोचवण्याचा हट्ट मी अर्धा सोडला. माझ्या अँप्लिफायरचा नॉब अगदी तळाशी असला की डावी बाजू उजवीपेक्षा मोठी येते. तानपुऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ते लगेच कळतं, तुंबा एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो. म्हणून एमपीडीचा सॉफ्टवेअर मिक्सर परत आणला, पण आउटपुटची रुंदी ३२ ठरवून, दर आणि चॅनलच्या जागी तारांकन ठेवून, म्हणजे ते फाइलचे असतील तेच. रात्री मिक्सर खाली, नॉब मध्यावर. आता मोजणी एकदाच होते, रुंद जागेत होते, आणि जे काही गळतं ते डॅकच्या स्वतःच्या गोंगाटाखाली. दिवसा मिक्सर पूर्ण वर, म्हणजे फाइल जशीच्या तशी.

दिवसाच्या नेहमीच्या आवाजात जुन्या आणि नव्या साखळीतला फरक मला ओळखता आला नाही. रात्री हेडफोन लावून, आवाज बारीक करून खर्जाची आस ऐकली. ती आत्याच्या खोलीच्या पार्श्वनादात विरेपर्यंत ऐकू आली, खरखर नाही, पायरी नाही. एचडब्ल्यू_पॅराम्स म्हणतो: एस३२_एलई, ९६०००.