कॅसेटमधली बाराखडी

हल्ली फाईल एका यंत्रातून दुसऱ्यात जाते तेव्हा आपल्याला काहीच कळत नाही. पडद्यावर एक पट्टी सरकते, शंभर टक्के म्हणते, आणि आपण मुकाट्यानं विश्वास ठेवतो. घरगुती कॉम्प्युटरच्या पहिल्या पिढीत मात्र फाईल ऐकू यायची. आधी काही सेकंद एकसुरी शिट्टी, मग किर्रर्र असा कान कुरतडणारा आवाज. तोही साध्या टेपरेकॉर्डरवर, साध्या कॅसेटवर. आमच्या बेळगावच्या घरात तर एकाच कॅसेटच्या एका बाजूला अभंग होते आणि दुसऱ्या बाजूला दादाचे प्रोग्रॅम. आजी सकाळी पूजेला बसताना कॅसेट लावायची आणि बाजू उलटी पडली की अख्खी गल्ली जागी. "काय ओरडूलाय रे हे?" असं ती देवासमोरूनच विचारायची.

दादाचं यंत्र स्पेक्ट्रम नावाच्या घरगुती कॉम्प्युटरच्या जातीचं. मूळ स्पेक्ट्रम इंग्लंडात १९८२ साली सिंक्लेअरनं काढला. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं तसाच आपल्याकडे बनवला. स्मरणशक्ती ४८ किलोबाइट, तीही वीज असेपर्यंतच. दिवे गेले की सगळं पुसून कोरं. म्हणून कॅसेट. अख्खी स्मरणशक्ती टेपवर चढवायला किंवा उतरवायला चार-पाच मिनिटं लागत.

यातली युक्ती मला अजून आवडते. फाईल म्हणजे नुसती शून्य आणि एक यांची रांग. टेपवर शून्याची लाट आखूड, एकाची बरोबर दुप्पट लांब. यंत्र फक्त लांबी मोजतं. त्यामुळे आवाज थोडा मोठा-बारीक झाला तरी भागतं, पण टेप डगमगत फिरली की संपलंच. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक ताळ्याचा बाइट असतो. तो जुळला नाही तर 'टेप लोडिंग एरर' असं तुसडं उत्तर मिळतं. कुठं चुकलं ते सांगायची पद्धत नाही. त्या काळात आपल्याकडच्या शाळांमध्ये सरकारी योजनेतून आलेला बीबीसी मायक्रो हा कॉम्प्युटर याबाबतीत जास्त समजूतदार. तो २५६ बाइटचे छोटे तुकडे करायचा आणि एखादा बिघडला तर टेप थोडी मागं घ्या म्हणायचा.

या कॅसेटी लॅपटॉपवर आणायच्या असं मी ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न टेपरेकॉर्डरचा निघाला. बेळगावच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, तिथं कॅसेटचं काय. बुरशी दिसणारी कॅसेट पुसल्याशिवाय लावायची नाही, नाहीतर ती टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. आतला रबरी पट्टाही सैल पडलेला. खडेबाजाराच्या बाजूला एक रेडिओ दुरुस्तीवाले मामा अजून दुकान उघडतात. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, आणि त्याचा त्यांना खेदही नाही. त्यांनी पट्टा बदलला, हेडशेजारचा बारीक स्क्रू पेचकसानं किंचित किंचित फिरवत राहिले आणि कान देऊन ऐकलं. ज्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरली त्याचं हेड जरा तिरकं असेल, तर आपलंही तेवढंच तिरकं करावं लागतं. किरकिर सगळ्यात धारदार झाली तिथं ते थांबले. "आता बघ, कसा स्वच्छ किंचाळूलाय."

लॅपटॉपच्या बाजूनं वेगळीच तऱ्हा. जुन्या यंत्राला आवाज आत-बाहेर करायला दोन वेगळी भोकं, लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच. शेवटी यूएसबीला लावायचं स्वस्तातलं साउंडकार्ड आणलं. पण खरी गंमत पुढं आहे. हल्लीचे लॅपटॉप माइकमधून येणारा गोंगाट आपणहून गाळतात, म्हणजे फोनवर बोलताना मागचा मिक्सर ऐकू येऊ नये. दादाचे प्रोग्रॅम लॅपटॉपच्या लेखी निव्वळ गोंगाट. त्यानं इमानेइतबारे ते साफ करून मला नुसती शांतता दिली. आजीचं आणि त्याचं मत एकच. ती सोय बंद केल्यावर ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या प्रोग्रॅममध्ये लाटा उमटल्या. सेकंदाला ४४,१०० नमुने घेत पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं की साधारण २६ मेगाबाइटची फाईल होते, आणि तिच्यातून हाताला लागतात जेमतेम ४० किलोबाइट. बाकी सगळी हवा.

आता त्या कॅसेटवर होतं काय, तर दादानं केलेला एक मराठी प्रोग्रॅम. स्पेक्ट्रममध्ये आपल्या मनाची अक्षरं काढायला २१ जागा असत. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं. २१ जागांत मराठी बसवायची कशी? दादानं गणिताच्या चौकडीच्या वहीत हिशोब मांडला. ग, ण, श, म, त यांच्या पाठीला दांडी असते. ती वेगळी काढली तर उरतं अर्धं अक्षर, आणि एकच दांडी सगळ्यांना पुरते. शिवाय जोडाक्षरं फुकटात. मराठी टाइपरायटरवर हेच चालायचं. र, ट, ड, ह यांना मात्र अशी दांडी नाही, ते अख्खे घ्यावे लागतात. मग घरातल्या माणसांच्या नावांना लागतील तेवढीच अक्षरं त्यानं काढली, आणि प्रोग्रॅम एकेक नाव छापायचा. ज्या पाहुण्यांच्या नावात ठ किंवा फ होता, ते त्या यंत्रापुरते आमच्या घरचे नव्हते.

प्रोग्रॅम लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवला. पडद्याच्या कडेनं लाल-आकाशी, मग निळे-पिवळे पट्टे धावू लागले. स्पेक्ट्रमची सगळी धावपळ त्या कडेच्या पट्ट्यातच दिसते, मधलं पान तोवर ढिम्म असतं. आमच्या सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. शेवटी नावं आली, पण काय, तर इंग्रजी ए, के, डी, एफ. ताळा जुळलेला, एक बाइट इकडचा तिकडं नाही, आणि वाचता येईल असं काही नाही. कारण फाईलमध्ये फक्त एवढंच असतं की इथं पहिलं घरचं अक्षर, इथं अकरावं. ते अक्षर दिसतं कसं, हे स्मरणशक्तीच्या अगदी शेवटच्या १६८ बाइटांत. ते दादानं वेगळे जतन केले होते, आणि ते नसले की त्या जागी इंग्रजी अक्षरंच दिसतात.

त्या १६८ बाइटांचा आवाज एक सेकंदही भरत नाही. त्याच्याआधीच्या शिट्ट्याच मिळून सात सेकंदांच्या. सगळ्या कॅसेटी ऐकत बसलो तेव्हा तो सापडला अभंगांच्या बाजूला, शेवटचा अभंग संपल्यावर.

हे दुखणं स्पेक्ट्रमबरोबर गेलं असंही नाही. पुढे छापखान्यांत लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर जुळायला लागल्या, पण ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. आज ती फाईल उघडावी आणि तो फॉन्ट नसला तर 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. भारतीय लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या १९९१च्या इस्की प्रमाणानं मात्र कमाल केली होती: मराठी क आणि कन्नड क यांना एकच क्रमांक, लिपी नुसती बदलायची. जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं दोघांना वेगळी घरं दिली, पण रांग तीच ठेवली. आपला क २३२५वा, कन्नड क ३२२१वा. कुठल्याही साध्या अक्षरात ८९६ मिळवा, लिपी बदलते. बेळगावात दोन लिप्यांमधलं अंतर इतक्या थंडपणे कुणी मोजलं असेल असं वाटत नाही.

गणपतीला दादा बेंगळुरूहून आला तेव्हा त्याला सगळं चालवून दाखवलं. नावं एकामागून एक मराठीत उमटली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "र वाकडा झालाय बघ. तेव्हाच बदलणार होतो." मग त्यानं मूळ यंत्र माळ्यावरून काढायला लावलं, कारण एम्युलेटरवर केलेली दुरुस्ती त्याला दुरुस्ती वाटत नाही. र सरळ झाला आहे. आता तो भरून ठेवायला कोरी कॅसेट हवी, आणि रेडिओवाले मामा म्हणतात की कोऱ्या संपल्या, भावगीतांची चालत असेल तर देतो.