दहा हजार चारशे पंच्याऐंशी रुपये शहात्तर पैसे

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकीची बेरीज, १०,४८५ रुपये ७६ पैशांनी जुळत नव्हती. एप्रिल २०२५ चा पहिला आठवडा, वर्षअखेरीची धावपळ. सांगली जिल्ह्यातल्या त्या पतसंस्थेत चार दिवस रोजकीर्द, खतावणी, पिग्मी एजंटांच्या याद्या, व्हाउचरच्या फायली, सगळं उपसून झालं होतं. पाचव्या दिवशी मला बोलावलं, तेही यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला. फरकाशी माझा संबंध असेल असं कोणाच्या मनात नव्हतं. माझ्याही नव्हतं.

माझं सांगलीत कॉम्प्युटर असेंब्लीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. निम्मं गिऱ्हाईक गेमिंग मशिन मागणारी पोरं आणि निम्मं दवाखाने, सीए, पतसंस्था. कोणीही "कुठला प्रोसेसर घालू?" असं विचारलं की मी एकदम नाव सांगत नाही. त्याच्या ऑफिसात जातो, नेहमीचं काम चालू करायला लावतो आणि टास्क मॅनेजर उघडून अर्धा तास शेजारी बसतो. प्रोसेसरमधले किती कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, खरोखर राबतात, किती नुसते बसून असतात, ते तिथे दिसतं. हे एवढं केलं तरी निम्मे चुकीचे सौदे टळतात. पण मोठ्या कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी गिऱ्हाइकाच्या खुर्चीशेजारी कधी बसतच नाहीत, कोटेशन मेलवर पाठवून मोकळे होतात.

२०२१ मध्ये याच पतसंस्थेत मी असा बसलो होतो. त्यांचा जुना सर्व्हर २०१७ चा. प्रोसेसर इंटेलचा सर्व्हरसाठीचा झिऑन ई५-२६२० व्ही४, आठ कोअर, सोळा थ्रेड (एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा), मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ आणि फार तर ३ पर्यंत चढणारा. रोज संध्याकाळी डे-एंडला, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायला, एक तास पन्नास मिनिटं लागायची. पिग्मीचा भरणा उशिरा येतो, त्यामुळे डे-एंड सुरूच व्हायचा साडेसहाला आणि कॅशियर वहिनी घरी पोचायच्या नऊला. टास्क मॅनेजरमध्ये सोळा चौकोनांपैकी एकच वर टेकलेला होता, बाकीचे पंधरा तळाशी. सॉफ्टवेअर एकामागून एक खातं घेऊन व्याज लावत होतं, एका थ्रेडवर. त्याला सोळा काय आणि चौसष्ट काय.

चेअरमनसाहेबांच्या टेबलावर तेव्हा एका नामांकित कंपनीचं कोटेशन होतं: सोळा कोअरचा नवा झिऑन, पाच लाखांच्या वर. कोअर दुप्पट, पण वेग जुन्यापेक्षा थोडाच जास्त. मी सरळ सांगितलं, हे घेतलंत तर वहिनी नऊऐवजी साडेआठला घरी जातील, तेवढाच फरक. तुमच्या कामाला एक दमदार कोअर पाहिजे आणि तो आज गेमिंगच्या प्रोसेसरमध्ये मिळतो. रायझन ७ ५८००एक्स तेव्हा नवाच होता. कोअर आठच, पण एका कोअरचा वेग ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत, आणि दर गिगाहर्ट्झमागे होणारं काम जुन्या झिऑनपेक्षा बरंच जास्त. सव्वा लाखात मशिन उभं राहिलं. त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, म्हणून जीटी ७१० चं छोटं कार्ड घातलं. तेसुद्धा त्या वर्षीच्या टंचाईत लॅमिंग्टन रोडवरून ओळखीने मिळालं. डे-एंड पस्तीस मिनिटांवर आला. त्यातलं थोडं श्रेय एनव्हीएमई एसएसडीचं, पण मोठा वाटा प्रोसेसरचाच. वहिनींनी दुकानात पेढे पाठवले होते. त्या कामाचा मला अभिमान होता. चार वर्षं मी ते उदाहरण दुसऱ्या गिऱ्हाइकांना देत होतो.

आता त्याच वहिनी काउंटरवर नव्हत्या. त्यांना "दोन दिवस घरीच राहा" असं सांगितलं होतं.

झालं होतं असं. सॉफ्टवेअरवाल्यांनी फरक एका बचत खात्यापर्यंत शोधत आणला. त्या खात्यातले सगळे व्यवहार बेरजेला घेतले की ७,३१२ रुपये येत होते. पण शिल्लक म्हणून साठवलेला आकडा होता १७,७९७ रुपये ७६ पैसे. मधल्या पैशांची कुठेच नोंद नाही, ना व्हाउचर, ना कोणाच्या लॉगिनखाली बदल. सॉफ्टवेअरवाल्यांनी फोनवर निकाल देऊन टाकला: "कोणीतरी बॅकएंडला हात लावलाय." म्हणजे थेट डेटाबेसमध्ये आकडा बदललाय. डेटाबेसचा पासवर्ड मॅनेजरसाहेबांकडे आणि डे-एंड करणाऱ्या वहिनींकडे. आणि खातं निघालं वहिनींच्या चुलत दिराचं. तालुक्याच्या गावात कोण कोणाच्या नात्यात नसतं? पण संशयाला तेवढं पुरलं. एकोणीस वर्षं नोकरी झालेल्या बाईला.

मी बॅटऱ्या बदलत होतो आणि शेजारच्या टेबलावर तो कागद पडलेला होता. १०,४८५.७६, लाल पेनाने दोनदा गोल केलेला. मी तो उगाचच वाचला. मग परत वाचला. हा आकडा कुठेतरी रोज बघतो असं वाटत राहिलं. बॅटरीची वायर हातात होती आणि एकदम लक्षात आलं की मधलं टिंब काढायला पाहिजे. १०४८५७६. एका मेगाबाइटमधले बाइट. दोनाचा विसावा घात.

मॅनेजरसाहेबांना विचारलं, तुमचं सॉफ्टवेअर रक्कम रुपयांत ठेवतं की पैशांत? त्यांना माहीत नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. उत्तर आलं, पूर्ण पैशांत, टिंब फक्त स्क्रीनवर दाखवायला. कॉम्प्युटर आकडा शून्य-एकच्या बिटांत साठवतो. म्हणजे ७,३१,२०० पैशांच्या त्या आकड्यातला विसाव्या क्रमांकाचा (मोजणी शून्यापासून) बिट शून्याचा एक झाला होता. बाकी एकही अंक हललेला नव्हता. चोरी करणारा माणूस दहा हजार टाकेल, अकरा टाकेल. दोनाचा विसावा घात पैशांत मोजून कोण टाकेल?

असं घडू शकतं हे मी वाचलेलं होतं. १८ मे २००३ ला बेल्जियमच्या निवडणुकीत ब्रुसेल्समधल्या स्कारबेकला एका उमेदवाराला शक्य होती त्यापेक्षा जास्त मतं पडलेली दिसली. जादा मतं बरोबर ४,०९६, म्हणजे दोनाचा बारावा घात. यंत्राच्या मेमरीतला एक बिट उलटला असणार, असाच तर्क तिथल्या तज्ज्ञांनी मांडला. वाचताना मला ती फार लांबची गोष्ट वाटली होती.

सॉफ्टवेअरवाल्यांचा मुद्दा होता की डेटाबेस प्रत्येक पानाला चेकसम (पडताळणीचा आकडा) लावतो, म्हणून हार्डवेअरने असं होऊच शकत नाही. हा गैरसमज शिकलेल्या माणसांतही आहे. चेकसम काढला जातो पान डिस्कवर लिहिताना. त्याआधी रॅममध्ये असतानाच आकडा बिघडला, तर चेकसम बिघडलेल्या आकड्यावरच निघतो आणि पुढे कायम बरोबर येत राहतो.

शनिवारी संध्याकाळी डे-एंड झाल्यावर बॅकअप घेतला, मशिन बंद केलं आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावला. सर्व्हर तिजोरीशेजारच्या खोलीत आहे. रात्री तिथला एसी बंद असतो आणि एप्रिलमधल्या सांगलीच्या रात्री कशा असतात ते इकडच्यांना सांगायला नको. पहिली फेरी स्वच्छ गेली. दुसऱ्या फेरीत, रात्री दीडच्या सुमाराला, लाल ओळ आली. एकच. चुकलेल्या बिटच्या रकान्यात ००१००००० होतं. उजवीकडून सहाव्या जागी एक. सोळाच्या पद्धतीत एक अंक म्हणजे चार बिट, म्हणून हाच विसावा बिट.

मी कितीतरी वेळ त्या ओळीसमोर बसून होतो. मग बायोसमध्ये (मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) गेलो आणि तिथे एक्सएमपी चालू दिसलं, म्हणजे रॅमला नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळवणारी सेटिंग.

ते मीच चालू केलं होतं. गेमिंग मशिन बांधताना ही आमची हाताची सवय असते: पहिल्यांदा बायोस उघडलं की एक्सएमपी चालू, मग बाकीचं. रॅमच्या स्टिकवर ३६०० असा वेग छापलेला असतो, तो मिळायला हवा असेल तर हे करावंच लागतं. पण ५८००एक्सची कंपनीची हमी ३२०० पर्यंतच आहे. त्यापुढे आपण चाललो ते आपल्या जबाबदारीवर. पोराच्या मशिनमध्ये बिट उलटला तर गेम बंद पडतो, पोरगं चिडतं, परत चालू करतं. इथे मी लोकांच्या ठेवींच्या आकड्यांना चार वर्षं हमीच्या बाहेर पळवत होतो, आणि डे-एंडला त्याने एखादं मिनिट वाचलं असेल-नसेल.

एक्सएमपी बंद केलं, रॅम २६६६ वर आली, रविवारी दुपारपर्यंत चारही फेऱ्या स्वच्छ. पुन्हा चालू केलं, तिसऱ्या फेरीत पुन्हा तीच ओळ.

तरी यात एक फट आहे आणि ती मला अजून टोचते. मेमटेस्टमधला बिट आणि खात्यातला बिट एकाच क्रमांकाचे निघाले, पण ती शिल्लक रॅममध्ये नेमकी आठ बाइटच्या सीमेवर, म्हणजे आठ-आठ बाइटच्या कप्प्याच्या सुरुवातीलाच, बसलेली असेल तरच दोन्हींचा संबंध सरळ लागतो. त्या दिवशी ती तशी बसली होती का, हे आता कोणीच सांगू शकत नाही. मशिनमध्ये ईसीसी रॅम असती, तर चौसष्ट बिटांमागे आठ जादा बिट असते, एक बिट उलटल्याबरोबर जागेवर दुरुस्त झाला असता आणि लॉगमध्ये तारीख-वेळेसकट नोंद राहिली असती. साध्या डीडीआर४ स्टिकवर एका बाजूला आठ काळ्या चिप असतात, ईसीसीच्या स्टिकवर नऊ. त्या नवव्या चिपवर एका बाईची चार दिवसांची झोप अवलंबून होती.

आणि हे सगळं त्याच प्रोसेसरवर जमलं असतं. ५८००एक्स ईसीसी स्टिक घेतो. बोर्डाने साथ द्यायला पाहिजे आणि तसे बोर्ड तेव्हाही मिळत होते. २०२१ मध्ये आम्ही गेमिंग की सर्व्हर यावर दोन बैठका घालवल्या, त्या सगळ्या कोअर आणि गिगाहर्ट्झवर. सर्व्हर प्रोसेसरभोवती काय काय असतं, ईसीसी, रात्री लांबून मशिन बघायला बोर्डावरचा वेगळा चिप, दोन पॉवर सप्लाय, यावर आम्ही दहा मिनिटंही बोललो नाही. मी बोलायला हवं होतं. त्या खोलीत ते माहीत असलेला माणूस मीच होतो.

सोमवारी चेअरमनसाहेबांसमोर सगळं मांडलं. मेमटेस्टचे फोटो, कागदावर घातांकाचं गणित, आणि एक्सएमपी मी चालू केलं होतं हेही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मशिननं खोटं बोललं आणि आम्ही माणसाला धरलं." वहिनींना त्यांनी स्वतः फोन केला.

नवं मशिन पुन्हा माझ्याकडूनच घेतलं, यावर मला अजून काही सुचत नाही. या वेळी एएमडीचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर, ईपीवायसी ४३४४पी, घातला. मे २०२४ मध्ये ही मालिका आली, तेव्हा आमच्या धंद्यातल्या पुष्कळांनी लक्षच दिलं नाही. नाव सर्व्हरचं, पण सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) डेस्कटॉपचाच एएम५, आणि आकडे रायझन ७ ७७०० शी जुळणारे: आठ कोअर, ३.८ ते ५.३ गिगाहर्ट्झ, ६५ वॉट. म्हणजे एका कोअरचा दम गेमिंगवाल्यासारखाच, पण सोबत ईसीसी कंपनीच्या लेखी हमीसह, आणि सर्व्हर बोर्डावर बसणारा. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कमीत कमी सोळा कोअरचं घ्यावंच लागतं, आठ कोअर असले तरी, म्हणून कोअर कमी ठेवून तिथे पैसे वाचले नाहीत. वाचवायचेही नव्हते.

ईसीसी स्टिकसाठी मात्र तीन आठवडे गेले. मुंबईचा एक पुरवठादार फोनवर समजावत होता, "डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच की." असतं ते चिपच्या पोटातलं. चिपमधून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काही बिघडलं तर ते कामाचं नाही. दुसऱ्याने रजिस्टर्ड स्टिक (मोठ्या सर्व्हरसाठीच्या) पाठवल्या, त्या या बोर्डावर चालतच नाहीत. एक चुकीचं पार्सल परत गेल्यावर बरोबर माल आला. वर्षानुवर्षं हाच माल विकणाऱ्यांना हा फरक माहीत नसावा, याचा मला राग येतो.

डे-एंड आता पंचवीस मिनिटांत होतो. दर सोमवारी दुकानातून मी त्या बोर्डाचा लॉग उघडतो, मेमरीच्या चुका दुरुस्त झाल्याची एखादी नोंद आहे का बघतो. आजवर एकही नाही.

वहिनींच्या घरी मी स्वतः गेलो. त्यांनी चहा केला, सगळं ऐकून घेतलं, दोनाचा विसावा घात म्हणजे काय ते पुन्हा विचारलं. मी पाटीवर करतात तसं वहीत दुप्पट दुप्पट करत वीस ओळी लिहिल्या. शेवटची ओळ १०,४८,५७६ आली तेव्हा त्यांनी ते बोट फिरवून वाचलं. मग म्हणाल्या, "दादा, हे तुमच्या लेटरहेडवर लिहून द्याल का? सही-शिक्क्यानं. गल्लीत सगळ्यांना कळलंय मी घरी का बसले होते ते."

दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. वीस ओळींसकट.

२०२१-२२ मध्ये ऑफिसांसाठी त्याच धर्तीची अजून चार मशिनं दिली होती. तीन ठिकाणी जाऊन एक्सएमपी बंद केलं आणि रात्रभर मेमटेस्ट लावला, तिन्ही स्वच्छ निघाली. चौथं एका डॉक्टरांकडे आहे. पेशंटचे रिपोर्ट त्यावर असतात. "चालतंय ना व्यवस्थित, मग कशाला हात लावताय?" असं त्यांचं उत्तर दोनदा आलंय. या रविवारी तिसऱ्यांदा जातोय.