पिकअपला उंच, अरुंद टायर: आधी उंची, मग रुंदी

पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी उतरवणाऱ्या पिकअपांची चाकं एकदा निरखून बघा. बोलेरो पिकअपच्या जास्त वजन ओढणाऱ्या प्रकारांना ७.०० आर१५ मापाचे टायर असतात. उंचीला साधारण ७५० मिमी आणि रुंदीला जेमतेम वीतभर. हीच गाडी भर पावसात नारायणगावच्या टोमॅटोच्या बांधापर्यंत जाते आणि माल भरून परत येते. त्याच शहरात संध्याकाळी चकचकीत डबल कॅब पिकअप दिसतात. त्यांचे टायर मडगार्डच्या बाहेर आलेले असतात आणि दोन्ही बाजूंना चिखलाची रांगोळी उडालेली असते. दिसायला दुसरी गाडी दणकट वाटते. मुळशीच्या भातखाचरांमधून जाणारा पाणंद रस्ता लागला की मात्र बाजी पहिली मारते.

बैलगाडीचं चाक आठवा. उंची छातीला लागेल इतकी आणि लोखंडी धाव दोन-तीन बोटं रुंद. गाडी बनवणाऱ्या सुतारांना पक्कं ठाऊक होतं की उंच चाक खड्ड्यात पडत नाही, ते खड्डा ओलांडतं. आणि अरुंद चाक वरचा राडा कापून खालच्या घट्ट थरावर टेकतं. रबराच्या टायरला हे जसंच्या तसं लागू होत नाही, कारण रबर दबतं. कुठे लागू होतं आणि कुठे नाही, ते कळलं की निवड सोपी होते.

टायर जमिनीला जिथे टेकतो तो ठसा किती मोठा, हे रुंदीपेक्षा हवेच्या दाबावर जास्त ठरतं. एका चाकावर ७०० किलो वजन आहे आणि हवा ३५ पीएसआय आहे, म्हणजे साधारण २.४६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, असं धरू. भागाकार केला की ठसा २८५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास निघतो. टायरची बाजू थोडं वजन स्वतः पेलते, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. टायरची जमिनीला लागणारी पट्टी २४ सेंमी रुंद असेल तर ठशाची लांबी १२ सेंमी होते आणि २० सेंमी असेल तर १४ सेंमीच्या वर जाते. क्षेत्रफळ तेच राहतं, आकार बदलतो. अरुंद टायरचा ठसा गाडीच्या दिशेने लांब असतो आणि चिखलात हाच आकार कामाला येतो. रुंद टायर समोरचा चिखल नांगराच्या फाळासारखा ढकलत नेतो, त्याच्यासमोर वरंबा साचतो आणि इंजिनाची ताकद तो वरंबा ढकलण्यात जाते. अरुंद टायरसमोर ढकलायला मालच कमी असतो.

पाण्यातही असंच होतं. कात्रज-देहूरोड बाह्यवळणावर जोराच्या पावसात पाणी साचतं तेव्हा अरुंद टायरला कमी पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो उशिरा तरंगू लागतो. नासाने विमानांच्या टायरवरच्या अभ्यासातून एक जुनं सूत्र दिलं आहे. गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर कोणत्या वेगाला तरंगायला लागेल, ते हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. ३५ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९८ किमी येतो आणि २५ पीएसआयला ८३. रविवारी चिखलासाठी हवा काढायची आणि सोमवारी तशीच गाडी द्रुतगती मार्गावर न्यायची, यात काय धोका आहे ते एवढ्यावरून कळतं.

आता रुंद टायरची बाजू. जिथे खाली घट्ट थरच नाही तिथे अरुंद टायर रुतत राहतो. कोकणातली पुळण हे त्याचं उदाहरण. तिथे गाडी घालूच नये, हा भाग वेगळा. भिजलेली खोल काळी माती हे दुसरं. दौंड-बारामतीकडच्या काळ्या रानात पाऊस मुरला की हातभर खाली गेलं तरी टणक लागत नाही, शिवाय ती माती टायरच्या नक्षीत अशी भरते की टायर गुळगुळीत लाटणं होतो. तिथे रुंद टायरही काही चमत्कार करत नाही, पण अरुंदाच्या आधी बसत नाही एवढं खरं. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर इथे लाल माती, मुरूम आणि खाली कातळ असा प्रकार असतो आणि तिथे अरुंद टायर राजा आहे. कोरड्या डांबरावर जोरात वळताना आणि कचकन ब्रेक दाबताना रुंद टायरच बरा. ज्यांची पिकअप वर्षातले साडेतीनशे दिवस हिंजवडी ते बाणेर एवढीच फिरते, त्यांनी कंपनीचं माप सोडायचं काही कारण नाही.

माप कसं वाचायचं ते पाहू. २४५/७० आर१६ यात २४५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या सत्तर टक्के आणि १६ म्हणजे रिम इंचांत. एकूण उंची काढायची तर २४५ गुणिले ०.७०, त्याची दुप्पट ३४३, त्यात १६ इंचाचे ४०६ मिळवले की ७४९ मिमी. दुकानात जाण्याआधी मोबाईलवर एवढं गणित करावंच. तिथे 'बसतो हो साहेब, सगळे बसवतात' हे उत्तर तयार असतं.

इसुझू व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली तेव्हा तिला हेच २४५/७० आर१६ होते. ज्यांच्याकडे ती १६ इंची रिम आहे त्यांना पर्याय सरळ आहेत. २२५/७५ आर१६ ची उंची ७४४ मिमी, म्हणजे जवळजवळ तेवढीच, आणि रुंदी २० मिमी कमी. २१५/८५ आर१६ ची उंची ७७२, म्हणजे तीन टक्के जास्त, आणि रुंदी ३० मिमी कमी. हे दुसरं माप कागदावर सर्वांत सुंदर आहे, पण इथल्या दुकानांत सहज हाताला लागत नाही. पाचही टायर एकदम मिळत असतील आणि पुढे एखादा फाटला तर दुसरा मिळण्याची खात्री असेल, तरच त्याच्या मागे लागावं. २३५/८५ आर१६ चं परदेशी चित्रांमुळे फार आकर्षण आहे. त्याची उंची ८०६ मिमी, म्हणजे साडेसात टक्के जास्त. गाडी उचलल्याशिवाय आणि गिअरिंगचा विचार केल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

पुढच्या व्ही-क्रॉसना १८ इंची रिमवर २५५/६० टायर येतात आणि टोयोटाच्या हायलक्सला २६५/६० आर१८. इथे अडचण रिमची आहे. १८ इंचात अरुंद आणि उंच असं माप शोधणं म्हणजे पुण्यात दुपारी दोन वाजता उघडं दुकान शोधण्यासारखं. रिम एक इंच लहान केली तर वाट सापडते. २४५/७० आर१७ ची उंची ७७५ मिमी भरते, हायलक्सच्या मूळ टायरइतकीच. रुंदी २० मिमीने कमी होते आणि बाजूची उंची १५९ वरून १७१ मिमीवर जाते. ताम्हिणीतल्या धारदार कडांच्या खड्ड्यात रिम वाकण्याचा संभव त्या बारा मिमीने बराच कमी होतो. मात्र लहान रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरवरून मोकळी फिरते का, ते रिम नुसती लावून, हाताने फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, जुळला म्हणजे झालं, असं नसतं. ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसते ते) आणि मधल्या भोकाचं मापही जुळावं लागतं.

१५ इंची रिमवर २१५/७५ असलेल्या गाड्यांना २३५/७५ सुचवलं जातं. उंची ७०३ वरून ७३३ होते, पण रुंदीही २० मिमीने वाढते. तो उंच टायर आहे, अरुंद नव्हे. जमिनीपासूनचं अंतरही ३० मिमीने वाढत नाही, १५ मिमीनेच वाढतं, कारण निम्मी उंची अॅक्सलच्या वर जाते. हे लक्षात न घेता लोक सव्वा इंच उंची मिळाल्याच्या आनंदात असतात.

७.०० आर१५ किंवा आर१६ सारखी जुन्या पद्धतीची मापं छोट्या टेम्पोंमुळे गल्लोगल्ली मिळतात. त्यांची बाजू जाड असते आणि वजन पेलायची ताकद भरपूर. पण त्यांतले बरेचसे ट्यूब आणि फ्लॅपवाले (फ्लॅप म्हणजे ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी) असतात, अरुंद पोलादी रिमसाठी बनलेले. सात इंची अलॉय रिमवर ते चढवू नयेत. रेडियल टायरमध्ये (मापातला 'आर' तोच) ट्यूबही रेडियलचीच घालावी, नायलॉनच्या, म्हणजे तिरप्या धाग्यांच्या जुन्या पद्धतीच्या टायरची ट्यूब आत घासून फाटते. एका अॅक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन असा संसार तर मुळीच मांडू नये.

लोड इंडेक्स ही सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट. मापाच्या पुढे १०७, ११२ असे आकडे असतात. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. अरुंद टायर घेताना हा आकडा कंपनीच्या मूळ टायरपेक्षा खाली जाता कामा नये. माल भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी, फक्त मागची चाकं काट्यावर घ्यावीत आणि आलेल्या वजनाचे दोन भाग करावेत. १७०० किलो भरले तर एका टायरवर ८५० येतात आणि त्यावर दहा-पंधरा टक्के तरी जागा ठेवावी. एलटी (लाइट ट्रक) खुणेचा टायर घेतला तर त्याची बाजू जाड असते, पण तेवढंच वजन पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दरवाजाच्या चौकटीवरचा जुना आकडा त्याला लागू पडत नाही. एलटी टायरला जुन्याच दाबाने चालवलं की बाजू गरम होतात आणि खांदे लवकर झिजतात, मग दोष टायरला दिला जातो.

बरोबर दाब शोधायला खडूची पद्धत चांगली. नेहमीचा माल भरून, टायर थंड असताना नक्षीवर आडवी जाड रेघ ओढावी आणि सरळ, कोरड्या, सपाट रस्त्यावर शंभर-दोनशे मीटर गाडी न्यावी. रेघ मध्येच पुसली गेली तर हवा जास्त, कडेला पुसली गेली तर कमी. सगळीकडे सारखी पुसली जाईपर्यंत दोन-दोन पीएसआय बदलत जावं. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा वेगळा निघेल, रिकाम्या आणि भरल्या गाडीचाही. तो वहीत लिहून ठेवावा, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नये.

बसवण्याआधी एकच चाक चढवून बघावं. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायचं, मग एक पुढचं चाक उंच फुटपाथवर किंवा फळीवर चढवून पुन्हा वळवायचं. टायरच्या खांद्याला खडू चोळून ठेवला तर तो मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकवर किंवा चेसिसवर कुठे लागतो ते लगेच दिसतं. अरुंद टायरचा फायदा इथे मोठा आहे. उंची वाढूनही बहुधा आतली घासाघीस होत नाही, रुंद टायर मात्र त्याच उंचीला वळताना मडफ्लॅप खातो. मागे पूर्ण माल भरून पाटे बसल्यावर वरचं अंतर पुन्हा तपासावं.

उंची वाढली की गिअर लांब होतात. तीन टक्क्यांपर्यंत खंबाटकी घाटात तिसऱ्याऐवजी दुसऱ्या गिअरला जरा लवकर यावं लागेल, एवढंच. पाच टक्क्यांच्या पुढे क्लचवर ताण दिसायला लागतो आणि ब्रेकलाही जास्त जोर लागतो. स्पीडोमीटर कमी दाखवतो. उंची तीन टक्के वाढली तर काटा १०० वर असेल तेव्हा गाडी १०३ ने जात असते. ओडोमीटरही तितकाच कमी मोजतो. त्यामुळे नव्या टायरनंतर 'अॅव्हरेज पडलं' ही जी तक्रार ऐकू येते, तिच्यातले तीन टक्के नुसते हिशेबाचे असतात. ते मोबाईलच्या जीपीएसवर शंभर किलोमीटर मोजून बघावेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत, हेही ध्यानात असू द्या. कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांच्या जवळ राहणं विम्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचं.

नक्षी एटी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांसाठीची) घ्यावी. एमटी (मड-टेरेन, खास चिखलाचा) टायर ओल्या काँक्रीटवर घसरतो आणि चांदणी चौकातून जाताना आतल्या माणसांना ओरडून बोलावं लागतं. दुकानात टायरच्या बाजूवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचावेत. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. कायद्याने १.६ मिमीपर्यंत नक्षी चालते, पण चिखलात ४ मिमीच्या खाली उरलेला टायर असून नसल्यासारखा.

आणि स्टेपनी. चार नवे घेऊन पाचवा जुन्या मापाचा ठेवणं ही ठरलेली काटकसर. साध्या फोर बाय फोर गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरेन्शियल नसतो. फोर बाय फोर लावून टणक रस्त्यावर एक चाक दोन सेंटिमीटर लहान असेल तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स, आतून पिळला जातो. लिव्हर अडकतो आणि पुढचा खर्च टायरच्या कितीतरी पट. नवा, उंच टायर खालच्या टांगणीत मावतो का, सायलेन्सरला टेकतो का, मागे लोंबून उतारावर घासतो का, ते त्याच दिवशी दुकानातच बघावं. मग अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने नट पुन्हा आवळणं, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला, पाय देऊन नव्हे.