खोटं बोलणारा मुनीम

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ. त्यात जगाचं वर्णन करणारी आणि इतर सगळी पात्रं बोलणारी डीएम म्हणून माझा एक नियम पक्का आहे. वर्णन करताना मी खोटं बोलत नाही, पात्राच्या तोंडून मात्र हवं तेवढं बोलते. खोलीत जळक्या तेलाचा वास येतोय असं मी सांगितलं, तर तो येतोच आहे. मुनीम म्हणाला की तो रात्रभर तापाने फणफणत घरी पडून होता, तर ते मुनीमाचं म्हणणं. खेळाडूंना त्या जगात माझ्याशिवाय दुसरे डोळे नाहीत. तेच फितूर झाले तर त्यांनी खेळायचं कशाच्या भरवशावर?

हा मुनीम आमच्या सध्याच्या कॅम्पेनमधला, म्हणजे अनेक बैठकींत चालणाऱ्या गोष्टीतला. बंदरावरचं धान्याचं गोदाम जळालं आणि चौकशी पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीच्या, गळ्यात पडली. मुनीम खोटं बोलणार हे ठरल्यावर मी आधी लिहून काढलं ते त्याचं कारण: आग मुलाच्या हातून लागली आणि बाप त्याला बाहेर काढायला धावला. मग खुणा पेरल्या. उजव्या हाताला पट्टी. वहीत त्याच रात्रीची नोंद, त्याच्याच अक्षरात. शेजारीण म्हणते, ताप कसला, संध्याकाळी मासे घेऊन गेला की! खोटं पकडायला जागाच ठेवली नाही, तर तो खेळाडूंवर अन्याय आहे.

फासे पडले की लगेच प्रश्न येतो, "खोटं बोलतोय ना?" डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत इनसाइट (खोटं ओळखणं) विरुद्ध डिसेप्शन (फसवणं) असा फाशांचा सामना असतो, पण त्याचं उत्तर मी हो-नाहीत देत नाही. वीस बाजूंच्या फाशावर १९ पडले तर सांगते: तापाचं बोलताना तो पट्टीचा हात टेबलाखाली नेतो. ४ पडले तर: चेहऱ्यावरून काही कळत नाही. "तो खरं बोलतोय" असं कमी आकड्यावर कधीच म्हणत नाही, कारण ते माझ्या आवाजातलं खोटं झालं. कॉल ऑफ कथुलू या दुसऱ्या खेळात सायकॉलॉजीचा, म्हणजे समोरच्याचं मन ओळखण्याचा, फासा कीपरने (तिथल्या डीएमने) लपवून टाकायची पद्धत आहे. भीतीच्या खेळात ती शोभतेही, पण आमच्या टेबलावर फासा खेळाडूच्याच हातात हवा.

झोन ऑफ ट्रुथ या खोटं बोलू न देणाऱ्या मंत्राला बरेच डीएम घाबरतात, काही जण तो स्पेल बंदच करतात. मला तो फार आवडतो. १५ फूट त्रिज्या, १० मिनिटं, आणि सेव्ह (मंत्रातून वाचण्याचा फासा) फसला की जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. पण टाळता येतं! आमच्या क्लेरिकने, म्हणजे पार्टीतल्या पुजारी पात्राने, तो टाकला तेव्हा मुनीम म्हणाला, "आग मी लावली नाही." अगदी खरं. "त्या रात्री घरी होतात का?" "तापात म्हाताऱ्या माणसाने जायचं कुठे, बाई?" प्रश्नाला प्रश्न. टेबलावर क्षणभर सगळे गप्प, मग क्लेरिक खेळणारी मैत्रीण पुढे सरकून म्हणाली, "हो की नाही, एवढंच सांगा." मुनीम खाली बघत राहिला. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं, आणि ते तिने स्वतः मिळवलं होतं.

अशी पात्रं मी मोजकीच ठेवते. गावातला जो तो फसवायला लागला की पार्टी भटारणीलाही खुर्चीला बांधून जाब विचारते आणि खेळातली माणुसकीच संपते.

मुनीमाला त्यांनी कोतवालाच्या हवाली केलं नाही. मुलाला बोटीतून पलीकडे सोडलं. पुढच्या सेशनला सावकाराची माणसं दारात आली, तेव्हा मुनीम त्यांच्यासमोर पार्टीसाठी बेधडक खोटं बोलला, आणि या वेळी डिसेप्शनचा फासा मी खेळाडूंना टाकायला दिला.