चेहरा न झाकणारा कॅमेरा : सावंतवाडी ते शिरोडा

तुतारी एक्स्प्रेसने सावंतवाडीला निघताना माझा नेहमीचा, व्ह्यूफाइंडरवाला (डोळा लावून बघायच्या खिडकीचा) कॅमेरा मी घरीच ठेवला. मामेभाऊ सोबत होता आणि त्याच्याकडे पॅनासॉनिकचा जीएम१ होता. २०१३ सालचं मिररलेस (आत आरसा नसलेलं, लेन्स बदलता येणारं) मॉडेल, बॅटरी-कार्डासकट २०४ ग्रॅम, पुढे १२-३२ मिमीची चपटी झूम लेन्स. कुर्त्याच्या खिशात आरामात राहतो. व्ह्यूफाइंडर नाहीच, जे काही बघायचं ते मागच्या स्क्रीनवर.

सावंतवाडीत चितार आळीतली लाकडी फळं आणि खेळणी बघून राजवाड्यात गेलो. तिथे गंजिफा, म्हणजे पारंपरिक पत्ते, हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. पान गोल, तळहातात मावणारं. एक ताई त्यावर बारीक कुंचल्याने कडेची नक्षी भरत होत्या. परवानगी घेऊन, शटरचा आवाज नको म्हणून कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर टाकला. फोटोत आडवे काळे पट्टे आले! वरचे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला ते कळत नाही; सेन्सर मात्र एकेक ओळ वाचत जातो, तेव्हा ते लुकलुकणं पट्ट्यांच्या रूपात उमटतं. मी मेकॅनिकल शटरवर (सेन्सरपुढे खरोखरचा पडदा उघडतो-मिटतो तो) आले, वेग १/५० सेकंद केला आणि पट्टे गेले. बारीकशी टिक् झाली, ताईंनी मान वर केली नाही.

खरा कस लागला तो शिरोड्याला, वेळागरच्या किनाऱ्यावर. सकाळी रापण ओढणं चाललं होतं. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून यायचं आणि दोन टोकांचे दोर दोन टोळ्यांनी किनाऱ्यावरून ओढायचे. पाय वाळूत रुतवून, अंग मागे टाकून, एका लयीत. जाळं जवळ येईल तशा दोन्ही टोळ्या एकमेकींकडे सरकतात. दोर ओला, त्यावर वाळू चिकटलेली. तो धरणाऱ्या तळव्यांवरचे घट्टे मला फोटोत हवे होते.

दोराच्या शेवटी उभ्या असलेल्या एका आजोबांनी विचारलं, "काय गो बाय, खंयसून इलंस?" मी पुण्याहून म्हणाले. कॅमेरा छातीशी धरलेला, माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर. बोलता बोलता स्क्रीनवर त्यांच्या हातांवर बोट टेकवलं. तिथेच फोकस झाला, तिथेच फोटो निघाला. ते मुलाबद्दल सांगत राहिले, तो गोव्यात ट्रॉलरवर आहे म्हणाले. बोलणं तुटलं नाही. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की माझा अर्धा चेहरा झाकला जातो, समोरचं माणूस सावरून उभं राहतं आणि मग फोटो "काढल्यासारखा" येतो. जुन्या ट्विन लेन्स (एकावर एक दोन लेन्सच्या) कॅमेऱ्यांत, रोलायफ्लेक्स किंवा याशिकात, फोटोग्राफर मान खाली घालून वरून बघायचा, कॅमेरा पोटाशी असायचा. ती सोय मला आजच्या छोट्या कॅमेऱ्यात हवी आहे.

ऊन चढल्यावर मात्र स्क्रीन दिसेनाशी झाली. तारल्या आणि बांगडे वाळूवर ओतले तेव्हा मी ओढणीची सावली करून चौकट लावत होते. व्ह्यूफाइंडर नसण्याची ही किंमत आहे, ती मला मान्य आहे. दुपारी बारा ते तीन मी फोटो काढतही नाही.

परत येताना रेल्वेच्या खिडकीतून इलेक्ट्रॉनिक शटरवर काढलेल्या फोटोंत रुळालगतचे खांब तिरके आले, कारण सेन्सर एकेक ओळ वाचेपर्यंत गाडी पुढे सरकलेली असते. इथेच माझं दुखणं आहे. आज व्ह्यूफाइंडर नसलेले कॅमेरे येतात, पण ते बहुतेक व्हिडिओ करणाऱ्यांसाठी. सोनीच्या झेडव्ही-ई१० टूमध्ये, पॅनासॉनिकच्या एस९मध्ये, सिग्माच्या एफपी आणि बीएफमध्ये मेकॅनिकल शटरच नाही. निकॉन झेड३० आणि फुजीफिल्म एक्स-एम५मध्ये आहे, पण स्क्रीन बाजूला उघडून वळवायची. स्वतःला बघत बोलणाऱ्याला ते सोयीचं. मला मात्र स्क्रीन लेन्सच्या सरळ रेषेत नुसती वर उचलायची आहे, म्हणजे खाली बघून समोरचं टिपता येईल. बाजूला काढलेली स्क्रीन समोरच्यालाही दिसते आणि तो तिच्याकडेच बघत बसतो.

ऑलिंपसच्या पेन मालिकेतला २०२१चा ई-पी७ माझ्या मागणीच्या सर्वांत जवळचा: स्क्रीन वर उचलते, मेकॅनिकल शटर आहे, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवण्याची सोय) आहे. वजन ३३७ ग्रॅम, जीएम१पेक्षा बरंच जास्त, तरी चालेल. कॅननचा एम२००ही बरा होता, पण ईओएस एम मालिकाच कॅननने गुंडाळली. व्हिडिओवाल्यांशी माझं भांडण नाही. पण व्ह्यूफाइंडर नको म्हणणारा माणूस फोटोच काढणार असू शकतो, हे कंपन्यांनी लक्षात घ्यायला हवं. खिशातला, मेकॅनिकल शटरचा, वर उचलणाऱ्या स्क्रीनचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा अशक्य नाही. २०१७च्या पॅनासॉनिक जीएक्स८५०मध्ये हे जवळपास सगळं होतं.

मामेभाऊ त्याचा जीएम१ विकायला तयार नाही. पावसाळ्यानंतर रापणी पुन्हा लागतील तेव्हा शिरोड्याला जायचंच आहे, तोवर वापरलेला जीएक्स८५० किंवा ई-पी७ शोधते आहे. कुणाकडे चांगल्या स्थितीतला असेल तर कळवा. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी) सोबत असेल तर उत्तम.