परड्यातली लुना

चौदा वर्षं बाबांची लुना बेळगावातल्या आमच्या वडगावच्या परड्यात मोडक्या मागाच्या लाकडांना टेकून उभी होती. पेडल फिरत नव्हतं, टाकीत नुसता गंज. भाऊ म्हणाला, भंगारात दे. मला ते जमेना.

बाबा साड्या विणायचे. आठवड्याचा माल धोतराच्या फडक्यात बांधायचा, सुंभानं कॅरिअरवर आवळायचा आणि शहापूरच्या खडेबाजारात व्यापाऱ्याकडे पोचवायचा. आमचं घर त्या फेऱ्यांवर चाललं. लुना १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकनं आणली. इटलीच्या पियाजिओची 'चाव' मोपेड होती, तिच्यावरून बेतलेलं ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. आमची बरीच नंतरची.

दुरुस्तीला टाकी आधी घेतली. मूठभर नट आणि व्हिनेगर घालून दोन दिवस हलवत राहिले. सायलेन्सर कार्बननं बुजला होता, त्यासाठी सूत रंगवायच्या खोलीतला कॉस्टिक सोडा कामी आला. बाबांनी बजावलं, "हेडला लावू नको हां, अल्युमिनियम खातो तो." सायलेन्सर पोलादी, त्याला काही होत नाही. प्लगची ठिणगी सांभाळणारे पॉइंट घासून ०.४ मिलिमीटरची फट ठेवली, नवा प्लग घातला, कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक, पितळी तारेनं नव्हे तर फुंकून साफ केलं. तारेनं भोक मोठं होतं.

चौथ्या पेडलला सुरू झाली. मी रडलेच. पण अर्ध्या मिनिटात तिचा आवाज चढायला लागला. थ्रॉटल बंद, तरी चढतोच आहे. घाबरून चोक ओढून तिला बंद केलं.

बाबा ओसरीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "हवा खातंय बघ."

तेच खरं होतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या कप्प्यात येतं, म्हणून तो कप्पा हवाबंद हवा. इतकी वर्षं नुसती उभी राहून मॅग्नेटोकडचं, म्हणजे वीज तयार होते त्या बाजूचं, ऑइल सील वाळलं होतं. तिथून जादा हवा शिरायची, मिश्रण पातळ व्हायचं आणि इंजिन पळत सुटायचं. तसंच चालवलं असतं तर पिस्टन तापून जाम झाला असता. सील बदलायला फ्लायव्हील काढावं लागतं आणि त्याला पुलर, म्हणजे ते ओढून काढायचं हत्यार, लागतो. हातोडीनं ठोकायचं नाही, क्रँक वाकते. पुलर बाजारात मिळेना. उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका लेथवाल्या काकांकडे फ्लायव्हील दाखवायला गाडीच घेऊन गेले. त्यांनी आटे मोजले, कानडीत "नोडोण", बघू या, म्हणाले आणि संध्याकाळी पुलर हातात दिला. या गावात लोखंडाचं काही अडत नाही, याचा मला फार अभिमान आहे.

दोन्ही सील बदलली. आता ती शांत धडधडते.

रंग मात्र सगळीकडे दिला नाही. कॅरिअरच्या डाव्या पट्टीवर सुंभाच्या घासण्यानं पत्र्याला बारीक खाचा पडल्यात. तिथं फक्त तेलाचा बोळा फिरवला. रंगवणाऱ्या पोरानं दोनदा विचारलं, दोनदा नको म्हटलं.

रविवारी बाबांनी त्या खाचांवरून बोट फिरवलं, मग आत गेले आणि खुंटीवरचं जुनं सुंभ घेऊन आले.