बॅटरी वाढवण्याआधी हायड्रॉलिकमधली ऊर्जेची गळती मोजा

एक्स्कॅव्हेटर (खोदकामाचं यंत्र) इलेक्ट्रिक करायचा म्हटलं की चर्चा थेट बॅटरीवर जाते. पण खरी उधळपट्टी तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये होते. एकाच पंपावर बूमला (यंत्राचा मुख्य हात) २५० बार (दाबाचं एकक) आणि बकेटला (माती उचलणारं खोरं) ८० बार लागत असेल, तर पंप २५० बारवरच चालतो आणि बकेटकडे जाणाऱ्या तेलाचे १७० बार व्हॉल्व्हमध्येच जिरतात. प्रवाह मिनिटाला १०० लिटर धरला तर सुमारे २८ किलोवॅटची निव्वळ उष्णता! वर ती घालवायला कूलरचा पंखा फिरवायचा. म्हणून शक्य तिथे बूम, बकेट हलवणाऱ्या प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप द्यावा. खर्च वाढतो, पण बॅटरी लहान होते.

बूम खाली येतानाची ऊर्जाही सोडू नका. ५ टन वजन ३ मीटर उतरलं की सुमारे १४७ किलोज्यूल. २०० बारला एक लिटर तेल २० किलोज्यूल देतं, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (गॅस दाबून तेलाची ऊर्जा साठवणारी टाकी) साधारण साडेसात लिटर तेलाची जागा हवी. प्रीचार्ज (तेल येण्याआधीचा गॅसचा दाब) तेलाच्या किमान दाबाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि तो गॅस थंड असतानाच तपासा. गरम असताना आकडा फसवा येतो. भरायचा तो फक्त कोरडा नायट्रोजन. ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो. पाइप उघडण्यापूर्वी तेलाचा दाब शून्यावर आणा; मोटर बंद असली तरी अ‍ॅक्युम्युलेटर भरलेलाच असतो.